हिप्परग्याचे संन्यासी शिक्षक

संन्यासी म्हटला कीं तो वनाची वाट धरणार, अशी समजूत. हिप्परग्यास तसें घडलें नाहीं. धाराशिव जिल्ह्यांतील या खेड्यांत १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. निजामी राज्यांत तेव्हां विद्यापीठाचें शिक्षण उर्दूंतून चाले. परक्या भाषेंत मराठी मुलाचें कुतूहल फुलावें कसें? येथील मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर यांनीं १४ जानेवारी १९३२ रोजीं संन्यास घेतला व ते रामानंद तीर्थ झाले. प्रेरणा स्वामी रामतीर्थांची. लाहोरचे हे गणिताचे प्राध्यापक, आणि त्यांचा वेदान्त मोठा हंसरा! त्या वेदान्तानें खेडगीकरांस मुलांपासून तोडलें नाहीं. अंगावर भगवीं वस्त्रें, समोर मात्र वर्गच. पुढें ते अंबेजोगाईस गेले, तेहि शिकविण्यासच. १९३८ च्या सत्याग्रहानें त्यांस तुरुंगांत नेलें.