बागचा ताम्रपट आणि लेखनिकाची खुर्ची

धार जिल्ह्यातील बाग येथील बौद्ध गुंफांचा उल्लेख झाला की आपल्याला प्रथम आठवतात ती तेथील भित्तिचित्रे. १९२० च्या सुमारास नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती चित्रकारांनी येथे येऊन त्यांच्या प्रतिकृती केल्या, आणि १९२७ मध्ये लंडनहून त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर बागचे नाव सर्वदूर पोहोचले. त्या काळी बाग हे ग्वाल्हेर संस्थानात होते आणि संस्थानच्या पुरातत्त्व खात्याची धुरा मोरेश्वर बळवंत गर्दे या मराठी विद्वानाकडे होती. परंतु चित्रांच्या झळाळीत येथील एक लहानशी वस्तू सहसा मागे पडते. दुसऱ्या क्रमांकाच्या गुंफेत सापडलेला माहिष्मतीचा राजा सुबंधू याचा ताम्रपट ही ती वस्तू.

या ताम्रपटात विहारास एक गाव दान दिल्याची नोंद आहे. दानाचा विनियोग कसा व्हावा हेही त्यात सांगितले आहे. पूजेची गंध-फुले, पडझडीची दुरुस्ती आणि चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंसाठी अन्न, वस्त्र, आसन, शय्या, आजाऱ्याची शुश्रूषा आणि औषध अशी ही यादी आहे. दीड सहस्र वर्षांपूर्वीच्या राजाला हे कळले होते की, विद्या-साधनेच्या स्थानी माणसाला नुसता प्रवेश देऊन भागत नाही. तो तेथे टिकावा यासाठी बसायला आसन आणि आजारात औषधही लागते. आणि हे सारे कोणाच्या दयेवर न सोडता त्यासाठी गावाचे उत्पन्न कायमचे लावून द्यावे लागते.

मात्र या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विनयपिटकातील महावग्गात प्रव्रज्या कोणास देऊ नये याची यादी आहे, आणि तीत अंध, मूक, बधिर, पंगू यांचा समावेश आहे. म्हणजे विहारात आलेला भिक्षू आजारी पडला तर त्याच्या सेवेची तरतूद होती, पण जो मुळात अंध वा पंगू होता त्याला विहाराचे दारच बंद होते. अपंगांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास या दोन शब्दांत मांडता येईल : दार आणि व्यवस्था. कधी दार बंद असते, कधी दार उघडे असूनही आत व्यवस्था नसते. दोन्हींचा परिणाम एकच होतो.

आपल्या परंपरेत या कोंडीतून वाट काढणारी एक प्रथा होती. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे यात कमीपणा मानला जात नसे. ज्ञानेश्वरीचे लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आपण आजही आदराने घेतो. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले आणि सांगून लिहवून घेतले. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर लहानमोठ्या रचना त्यांच्या नावे जमा झाल्या. यात बुद्धी त्यांची होती, डोळे व हात इतरांचे. आज परीक्षेच्या दालनात दृष्टिहीन विद्यार्थ्याशेजारी लेखनिक बसतो, तेव्हा काही जणांच्या मनात उगाच शंका डोकावते. त्यांनी गुलाबराव महाराजांचे स्मरण करावे.

आधुनिक शाळा मिशनऱ्यांच्या प्रयत्नांतून आल्या. भारतातील अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी तशी शाळा काढली. तेव्हा निरनिराळ्या भाषांची ब्रेल लिपी निरनिराळी होती. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ स्वीकारली गेली आणि मोठा गुंता सुटला. तथापि ही सर्व धडपड शाळेपर्यंतची होती. महाविद्यालयात पोहोचलेल्या विद्यार्थ्याचे भवितव्य मात्र एखादा मित्र वाचून दाखवेल का, प्राचार्य लेखनिकास परवानगी देतील का, वर्ग तळमजल्यावर भरेल का, अशा योगायोगांवर अवलंबून राहिले.

योगायोगाच्या जागी नियम आला तो १९९५ च्या कायद्याने. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत किमान ३ टक्के जागा राखीव झाल्या, आणि दृष्टिहीन व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक उपलब्ध करून देणे ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी ठरली. त्याची जागा घेणारा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले, उच्च शिक्षणातील राखीव जागा ५ टक्के झाल्या आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट मिळाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून न देणे हाही भेदभावच होय, हे तत्त्व कायद्यात आले.

परीक्षेपुरते पाहता, केंद्र शासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ ठरवून दिला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवारास लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने स्पष्ट केले की, ४० टक्के अपंगत्वाची अट राखीव जागांसाठी आहे. लिहिण्यात खरोखर अडचण असणाऱ्यास लेखनिक नाकारण्यासाठी ती वापरता येणार नाही.

दाराचा प्रश्न मात्र आपल्याच राज्यात शिल्लक होता. मध्यप्रदेश न्यायिक सेवेच्या १९९४ च्या नियमांतील ‘६ अ’ हा नियम दृष्टिहीनांना न्यायाधीशपदाच्या स्पर्धेतूनच वगळत होता. म्हणजे विधी महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, पदवी मिळवावी आणि उंबरठ्यावरून परत यावे. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्राचीच याचिका झाली, आणि ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम त्या मर्यादेपर्यंत रद्द केला. महावग्गापासून चालत आलेले एक बंद दार एका आईच्या पत्राने उघडले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता व्यवस्थेकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार मध्यप्रदेशात साडेपंधरा लाख अपंग व्यक्ती होत्या. बागच्या परिसरातील एखादी मुलगी धारच्या महाविद्यालयात शिकू इच्छित असेल तर तिच्यापुढे सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर आहे. जून २०२१ पासून अपंगत्वाचे प्रमाणपत्र संगणकीय पोर्टलवरूनच मिळते, तरी तपासणीसाठी वैद्यकीय मंडळापुढे जावे लागतेच. पुढे इमारतीच्या पायऱ्या, प्रसाधनगृहाचा अरुंद दरवाजा, पहिल्या मजल्यावरचे ग्रंथालय. शिवाय एक अडचण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. संगणकावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली युनिकोडमधील हिंदी-मराठी वाचते. परंतु आपल्याकडे टिपणे नि प्रश्नसंच अजूनही पुष्कळदा कृतिदेवसारख्या जुन्या टंकात तयार होतात. डोळसांना ती अक्षरे स्वच्छ दिसतात, दृष्टिहीन विद्यार्थ्याला मात्र निरर्थक गोंगाट ऐकू येतो. यावर उपाय आहे, तो फुकट आहे, आणि केवळ सवय बदलण्याचा आहे.

वर्षानुवर्षे शासकीय नस्त्या हाताळल्यावर एक गोष्ट खात्रीने सांगता येते. नियम बहुधा असतो, पण तो ठाऊक असलेला माणूस खिडकीपाशी नसतो. अर्जदाराला हक्क माहीत नसतो, आणि लिपिकाला परिपत्रक सापडत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. विचारायला एक निश्चित जागा असणे हेच अशा केंद्राचे पहिले बळ होय. धार-देवासच्या महाविद्यालयांत तेवढी मोठी यंत्रणा उभी राहीपर्यंत एक जाणकार माणूस आणि एक टेबल एवढे तरी असावे.

पवारांच्या आणि शिंद्यांच्या काळात माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांनी येथे शाळा, वाचनालये आणि गणेशोत्सव उभे केले. आज आपल्यापैकी पुष्कळांची मुले दूरदेशी आहेत, घरी पुस्तके आहेत आणि हाताशी वेळही आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून अपंगांसाठी पुस्तकाचे वाचनसुलभ रूप तयार करणे कायदेशीर आहे. तेव्हा आठवड्यातून दोन तास पाठ्यपुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करणे, टिपणे युनिकोडमध्ये टंकलिखित करून देणे, परीक्षेच्या दिवसांत नियमांत बसणारा लेखनिक शोधून देणे, ही कामे मंडळाच्या सभासदांना सहज जमण्याजोगी आहेत. सुबंधू राजाने त्यासाठी एक गाव लावून दिले होते. आपल्याकडून अपेक्षा आहे ती फक्त आवाजाची आणि थोड्या चिकाटीची.