लॉगिननंतरचा प्रश्न : संगणकावरील अधिकारांचा इतिहास

१/ कार्यालयातील संगणक सकाळी नाव आणि पासवर्ड विचारतो. तो जुळला की काम सुरू होते. त्या क्षणी यंत्र दोन प्रश्न सोडवीत असते. ही व्यक्ती कोण आहे? आणि तिला काय करण्याची मुभा आहे? पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याची कमी होते, आणि अनेक मोठे घात तिथूनच झाले आहेत. या धाग्यात त्या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास.

२/ १९५०च्या दशकात संगणक एका वेळी एकच काम करी. पंचकार्डांचा गठ्ठा चालकाच्या हाती द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची, अशी रीत होती. यंत्राच्या खोलीला कुलूप असले की सुरक्षा पुरेशी होई. लॉगिन नावाची गोष्ट कुणाला सुचण्याचे कारणच नव्हते.

३/ नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीटीएसएस’ ही प्रणाली चालवून दाखवली. एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटला जाई आणि प्रत्येकाला यंत्र आपलेच आहे असे वाटे. फाइली मात्र एकाच ठिकाणी साठवलेल्या होत्या. एकाची फाइल दुसऱ्याने उघडू नये म्हणून प्रत्येकाला पासवर्ड देण्यात आला.

४/ ही व्यवस्था वर्षभरही अभंग राहिली नाही. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याला मिळणारे चार तास अपुरे पडू लागले. पासवर्ड ज्या फाइलीत होते ती छापून द्यावी, अशी विनंती त्यांनी पंचकार्डावर नोंदवली. शुक्रवारी रात्री दिलेल्या विनंतीचे उत्तर शनिवारी सकाळी छापून तयार होते. ही हकिकत शेर यांनी कित्येक दशकांनंतर सांगितली.

५/ १९६६ मध्ये त्याच प्रणालीवर दुसरा प्रसंग घडला. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी दिसू लागली. एका वेळी एकाच व्यक्तीने एका खात्यात काम करावे, या गृहीतकावर तिथला संपादक-प्रोग्रॅम बेतलेला होता. व्यवस्थापकांनी स्वतःच्या सोयीसाठी ते बंधन आपल्यापुरते सैल केले होते. दोघांनी एकाच वेळी दोन फाइली संपादित केल्या आणि तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली.

६/ या दोन्ही घटनांत पासवर्ड कुणी ओळखला नव्हता. एकात यंत्राने न विचारता फाइल छापून दिली, दुसऱ्यात सोयीसाठी दिलेली सूट अंगाशी आली. दोष अधिकारांच्या वाटपात होता.

७/ पुढची प्रणाली ‘मल्टिक्स’. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या या प्रकल्पाचा आराखडा १९६५ मध्ये जाहीर झाला. तीत प्रत्येक फाइलीसोबत एक यादी असे : ती कुणी वाचावी, कुणी बदलावी. प्रोग्रॅमही एकाभोवती एक अशा वलयांत बसवलेले होते. बाहेरच्या वलयातील प्रोग्रॅमला आत थेट हात घालता येत नसे.

८/ १९६९ मध्ये बेल लॅब्जने मल्टिक्स सोडले. तिथल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ घडवले आणि अधिकारांची मांडणी फार आटोपशीर केली. वाचणे, लिहिणे, चालवणे या तीन क्रिया. मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग. तीन गुणिले तीन, अशा नऊ खुणांवर आजही जगातील असंख्य सर्व्हर चालतात.

९/ या मांडणीच्या माथ्यावर ‘रूट’ हे खाते आहे. त्याला नऊ खुणांचे बंधन जवळजवळ नसतेच. येथे एक पेच होता. स्वतःचा पासवर्ड बदलण्यासाठी कर्मचाऱ्याला रूटच्या मालकीच्या फाइलीत लिहावे लागे, आणि ते अधिकार त्याला देणे धोक्याचे होते. रिची यांनी तोडगा काढला : विशिष्ट प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर त्या प्रोग्रॅमच्या मालकाच्या अधिकाराने चालेल. कल्पना कुशल होती. पण अशा प्रोग्रॅममध्ये एखादी चूक राहिली तर तिच्यातून थेट रूटपर्यंत वाट निघे.

१०/ या अनुभवांना तत्त्वाचे रूप १९७५ मध्ये मिळाले. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी एका निबंधात संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. त्यांतील एक किमान अधिकाराचे : प्रत्येक व्यक्तीला आणि प्रोग्रॅमला हातातील कामापुरतेच अधिकार असावेत. दुसरे अधिकार-विभाजनाचे : महत्त्वाचे कुलूप दोन वेगळ्या किल्ल्यांनीच उघडावे. तिसरे असे की स्पष्ट परवानगी नसेल तिथे उत्तर ‘नाही’ हेच असावे.

११/ माणसांचे वर्तन मात्र तत्त्वांना बधत नव्हते. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि थॉम्पसन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. १५ पासवर्ड एकाच अक्षराचे, ७२ दोन अक्षरांचे आणि ४६४ तीन अक्षरांचे निघाले. एकूण ८६ टक्के पासवर्ड एकतर फार लहान होते किंवा शब्दकोशात, नावांच्या यादीत सापडणारे होते.

१२/ मग संगणक एकमेकांना जोडले गेले आणि प्रश्न बदलला. एमआयटीने १९८३ मध्ये ‘अथेना’ प्रकल्प सुरू केला. विद्यार्थी कोणत्याही संगणकावर बसत आणि समोरचे यंत्र पूर्णपणे त्यांच्या ताब्यात असे. अशा यंत्राच्या शब्दावर सर्व्हरने विश्वास कसा ठेवावा? त्यातून ‘कर्बेरॉस’ जन्मले. तिऱ्हाईत सर्व्हर ओळख पटवून ठराविक मुदतीचे तिकीट देतो. फाइलींचा किंवा छपाईचा सर्व्हर ते तिकीट पाहतो. पासवर्ड तारेवरून जातच नाही.

१३/ यंत्रांनी एकमेकांवर डोळे मिटून विश्वास ठेवला तर काय होते, हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी दिसले. एका ‘वर्म’ने त्या काळच्या इंटरनेटवरील सुमारे ६,००० संगणक ठप्प केले, असा अंदाज आहे. तो ४३२ शब्दांच्या यादीतून पासवर्ड ओळखू पाही आणि शेजारच्या यंत्रांनी दिलेल्या बिनपासवर्ड प्रवेशाचा लाभ घेई. तो लिहिणारा रॉबर्ट टॅपन मॉरिस हा १९७९च्या निबंधाच्या सहलेखकाचाच मुलगा होता.

१४/ सामान्य कार्यालयांत हा विषय नॉव्हेलच्या नेटवेअरमुळे आणि पुढे विंडोजमुळे पोचला. विंडोज ९५ मधील लॉगिनची चौकट ‘कॅन्सल’ दाबून ओलांडता येई. तो पहारा नावापुरता होता. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीत मात्र खाती आणि परवानग्या पायाभूत होत्या. २००० साली ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ आली. शेकडो संगणकांची खाती एका जागेवरून सांभाळता येऊ लागली, आणि तिच्या मुळाशी कर्बेरॉसच होते.

१५/ व्यक्तीगणिक अधिकार देणे मोठ्या कार्यालयात अशक्य होते. त्यामुळे गट आले. लेखा विभागाच्या गटाला हिशेबाच्या फाइली, मनुष्यबळ विभागाला सेवापुस्तके. १९९२ मध्ये डेव्हिड फेराओलो आणि रिचर्ड कुन यांनी याला भूमिकाधारित नियंत्रणाची शास्त्रीय बैठक दिली : अधिकार खुर्चीला द्यावेत आणि माणसाला त्या खुर्चीवर बसवावे.

१६/ सोयीचा मोह तरीही सुटला नाही. विंडोज एक्सपी बसवताना तयार होणारी खाती थेट ॲडमिनच्या अधिकारांची असत. ईमेलमधून आलेली एखादी घातक फाइल उघडली की तीही त्याच अधिकाराने चाले. पुढे व्हिस्टाने प्रत्येक महत्त्वाच्या बदलाआधी परवानगी विचारायला सुरुवात केली. वापरणारे कंटाळले आणि न वाचताच ‘होय’ दाबू लागले.

१७/ खुद्द ॲडमिनवर अंकुश कुणाचा? २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची गुप्त कागदपत्रे पत्रकारांना दिली. ते कंत्राटी प्रणाली-व्यवस्थापक होते. त्यांच्या कृतीचे मूल्यमापन आजही दोन टोकांचे होते. संस्थेने मात्र त्यानंतर संवेदनशील कामांसाठी दोन व्यक्तींचा नियम जाहीर केला. १९७५ मधील दोन किल्ल्या पुन्हा आठवल्या.

१८/ मुंबईलाही याचा धडा मिळाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेने आपल्या मुंबईतील शाखेतील सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे संशयास्पद व्यवहार जाहीर केले. बँकेच्या तक्रारीनुसार हमीपत्रांचे संदेश ‘स्विफ्ट’वरून परदेशी गेले होते, पण कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच नव्हती. एका प्रणालीतील अधिकार दुसरीला पडताळता येत नव्हता. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने दोन्ही प्रणाली मुदतीत जोडण्यास बँकांना बजावले.

१९/ साठ वर्षांत पासवर्डच्या जागी ठसे, चेहरा आणि मोबाइलवरचा ओटीपी आला. ‘कोण’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ भक्कम झाले. ‘किती’ हा प्रश्न मात्र रोज नव्याने सोडवावा लागतो. बदली झालेल्या कर्मचाऱ्याकडे जुन्या विभागाच्या फाइली तशाच उघड्या राहतात, निवृत्ताचे खाते चालूच असते, घाईत दिलेला ॲडमिन अधिकार परत घ्यायचा राहून जातो.

२०/ त्या उघड्या राहिलेल्या फाइलींत कुणाचा पगार असतो, कुणाचे आजारपण, कुणाची आयुष्यभराची ठेव. एखाद्या कारकुनाला एखादी फाइल उघडता न येणे हा त्याच्यावरचा अविश्वास नसतो. उद्या काही गहाळ झाले तर संशयाची सुई त्याच्याकडे वळू नये, याचीही ती तजवीज असते. (धागा समाप्त)