पुण्यतर : उत्तर कोंकणांतील दोन धर्मार्थ तरींचे लेख

बोईसर स्टेशनावर उतरून तारापुरास व तेथून चिंचणीस जाणाऱ्या मनुष्यास आज नावाड्याची वाट पाहावी लागत नाहीं. खाडीच्या दक्षिणेस तारापूर, उत्तरेस चिंचणी आणि पुढें किनाऱ्यानें डहाणू, ही वाट आतां पुलांवरून व सडकेनें जाते. परंतु 1864 सालीं मुंबई व गुजराथ हे प्रांत लोहमार्गानें जोडले जाण्यापूर्वीं भडोचेहून सोपाऱ्यास किनाऱ्यानें येणारास दर दिवसाआड एखादी नदी किंवा खाडी उतरावी लागे. भडोच ते सोपारें हें अंतर सुमारें 270 किलोमीटर आहे. पायीं चालणारास तें दहाबारा दिवसांचें, आणि भरतीओहोटीची खोटी धरल्यास त्याहूनही अधिक. ज्याचें स्वतःचें गलबत नाहीं अशा उतारूनें हे दिवस कसे काढावे व रात्री कोठें काढाव्या, या प्रश्नास या प्रदेशापुरतें उत्तर देणारे दोन प्राचीन लेख उपलब्ध आहेत. त्यांचा एकत्र विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

पहिला लेख नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांतला. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात व दीनीकाचा पुत्र उषवदात याचें हें दानपत्र इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पहिल्या चरणांतलें मानितात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्याचा अभ्यास केला, आणि पुढें सेनार यांनीं 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडांत तें संपादिलें. तीन लक्ष गाईंचें दान, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक या चार ठिकाणीं चौसोपी वसतिगृहें, बागा, तळीं व विहिरी, अशी दानांची गणना करितां करितां लेखक इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या सहा नद्यांवर आपल्या धन्यानें नावांच्या योगें 'पुण्यतर' केला असें सांगतो. लगेच पुढें, या नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्यानें सभा व प्रपा, म्हणजे निवाऱ्याच्या जागा व पाणपोया, घातल्या असें म्हटलें आहे.

'पुण्यतर' हा शब्द विचारांत घेण्याजोगा आहे. अमरकोशांत नाव उतरण्याच्या मोबदल्यास 'आतर' व 'तरपण्य' असे दोन शब्द दिले आहेत. तरपण्य म्हणजे उताराचें मोल. त्याच्या उलट पुण्यतर, म्हणजे ज्या उताराचें मोल पुण्यानें चुकतें केलें तो उतार. हा शब्द योजणाऱ्यानें तरपण्य हा रूढ शब्द मनांत धरूनच तो योजला असावा असें आम्हांस वाटतें. मोल किती असे हेंही शास्त्रांवरून कळतें. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गाडीस एक पण, भार वाहणाऱ्या पुरुषास अर्धा पण, पशूस व स्त्रीस पाव पण आणि रिकाम्या पुरुषास त्याच्याही निम्मा, असा दर आहे. दोन महिन्यांहून अधिक दिवस गेलेली गर्भिणी, संन्यासी, मुनि व ब्राह्मण यांस तो माफ आहे. कौटिल्यानें नावध्यक्षाच्या प्रकरणांत बालक, वृद्ध व रोगी यांची त्यांत भर घातली आहे. म्हणजे सवलतीचे वर्ग पूर्वींपासून ठरलेलेच होते. उषवदाताच्या लेखांत असा कोणताही वर्ग निवडून काढलेला नाहीं. त्यावरून डोक्यावर ओझें घेऊन येणारा हमाल व रिकाम्या हातानें चालणारा मजूर यांचाही उतार या दानांत आला, असा अर्थ घेणेंच सरळ होय.

आतां नद्यांकडे वळूं. इबा ही अंबिका, पारादा ही पार, दमण ही दमणगंगा आणि करबेणा ही अंबिकेस मिळणारी कावेरी, अशी ओळख विद्वानांनीं पटविली आहे. तापी स्पष्टच आहे. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. या यादीवरून दोन गोष्टी निघतात. अंबिका व कावेरी समुद्राजवळ एकत्र होतात. तरीही दोहोंवर निरनिराळी तर होती, यावरून वाट संगमाच्या वरून, म्हणजे समुद्रापासून थोडी आंत, जात असली पाहिजे. दुसरी गोष्ट अशी कीं, नर्मदा व वैतरणा ह्या दोन मोठ्या नद्या यादींत नाहींत. एकीच्या कांठीं भरुकच्छ, तर दुसरीच्या मुखापासून सोपारें जवळ. दोन्ही ठिकाणीं दात्यानें वसतिगृहें बांधलीं, परंतु तर घातली नाहीं. मोठ्या बंदरांजवळ नावांची वाण नसते आणि तेथील उताराचें उत्पन्न राजास सोडवत नाहीं. मधल्या लहान नद्यांवर मात्र नावाडी टिकत नाहीं, कारण उतारू थोडे. धर्माची गरज तेथेंच पडते, असा आमचा तर्क आहे.

दाहनुकेसारखी आंखूड नदी तापीच्या पंक्तीस कां बसविली, याचें उत्तरही येथेंच आहे. या किनाऱ्यावरील खाड्यांत पाण्याच्या रुंदीपेक्षां भरतीओहोटीची वेळच उतारूस अधिक अडविते. ओहोटीस पात्रांत चिखल उघडा पडतो. त्यांत नाव चालत नाहीं व पायही टिकत नाहीं. पुढील भरतीस सहा तासांहून थोडा अधिक अवधि लागतो, आणि ती रात्रीं आली तर पहाटेपर्यंत तीरावरच पडून राहावें लागतें. उतार घटकेचा, पण खोटी प्रहरांची. म्हणूनच नाव व सभा हीं एका दानाचीं दोन अंगें होत. नाव फुकट देऊन उतारूस उघड्यावर ठेविलें असतें तर तें दान अर्धेंच झालें असतें. सहा नद्या व प्रत्येकीचे दोन तीर धरल्यास निवाऱ्याच्या निदान बारा जागा होतात, आणि दहाबारा दिवसांच्या वाटेस त्या पुरेशा जुळतात. ज्यास नावेंत आसरा नाहीं त्यास तो तीरावर द्यावयाचा, अशी ही योजना दिसते.

दुसरा लेख आठशें वर्षांनंतरचा आणि तारापुराच्या अगदीं शेजारचा. 1955 सालीं चिंचणी येथें पांच ताम्रशासनें सांपडलीं. दिनेशचंद्र सरकार यांनीं तीं 'एपिग्राफिया इंडिका'च्या बत्तिसाव्या खंडांत प्रसिद्ध केलीं. त्यांतील शके 848 (इ. स. 926) चें शासन राष्ट्रकूट तिसरा इंद्रराज याच्या काळचें. संयानमंडल, म्हणजे आजच्या गुजराथेंतील संजाणभोंवतालचा प्रदेश, दुसऱ्या कृष्णराजाकडून मिळवून त्यावर अधिकार चालविणारा पुरुष 'ताजिक' कुळांतला, सहियारहाराचा पुत्र, मधुमति उर्फ सुगतिप असा होता. ताजिक म्हणजे अरब आणि मधुमति हें महंमद या नांवाचें संस्कृत रूप, याविषयीं मतभेद नाहीं. या अधिकाऱ्यानें दोन प्रवाहांवर धर्मार्थ तर चालविली, आणि संयान येथें सत्र घालून तेथें साळीचा भात, कालवण व तूप विनामूल्य वाढण्याची व्यवस्था केली, असें त्यांत म्हटलें आहे. तर आणि तिच्याजवळ सोय, ही उषवदाताचीच जोडी येथें पुन्हां दिसते. फरक इतकाच कीं, निवारा व पाणी यांच्या जागीं आतां अन्न आलें आहे.

हे दोन्ही दाते जन्मानें परकीय कुळांतले. एक शक, दुसरा अरब. एकानें लेणें भिक्षुसंघास दिलें. दुसऱ्याच्या शासनांत देवी दशमीच्या मठिकेची व्यवस्था नमूद आहे. ज्या प्रदेशावर अधिकार चालवावयाचा तेथील पुण्याची परिभाषा दोघांनींही स्वीकारली. या देशांत राज्यकर्ता प्रजेस आपला वाटावा याचा एक सोपा मार्ग तिच्या वाटेवरचा उतार मोकळा करणें हा होता, असें या जोडलेखांवरून म्हणावयास हरकत नाहीं.

पुढील काळांत तरपण्यच पुन्हां प्रबळ झालें. मुंबई इलाख्यांत 1868 च्या कायद्यानें सार्वजनिक तरींचा उतारपैसा ठरविण्याची व त्याचा मक्ता देण्याची तरतूद झाली. आगबोटींवर तर डेकचें तिकीट म्हणजे फळ्यांवरची जागा, एवढाच करार असे. वळकटी, फराळ व पाणी ज्याचें त्यानें आणावें. याच जिल्ह्यांतील नदीचें नांव दिलेली 'वैतरणा' ही आगबोट 8 नोव्हेंबर 1888 रोजीं कच्छ-मांडवीहून मुंबईस निघाली आणि वादळांत सातशेंहून अधिक माणसांसह नाहींशी झाली. 17 जुलै 1947 रोजीं मुंबईहून रेवसकडे जाणारी 'रामदास' बुडून सहाशेंहून अधिक मेले. नाव नादुरुस्त असल्यानें किंवा माणसें व साधनें अपुरीं असल्यानें बुडाली तर नुकसानीची भरपाई नावध्यक्षानें करावी, असा कौटिल्याचा दंडक आहे. नावाड्यांच्या दोषानें माल गेला तर तो नावाड्यांनीं मिळून भरावा, दैवानें गेल्यास त्यांस दंड नाहीं, असें मनु म्हणतो. उतारूविषयींचें हें दायित्व जुन्या शास्त्रांस ठाऊक होतें, हें येथें नमूद करून ठेवितों.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. चिंचणीचे पत्रे मोडींत वितळले असते तर सुगतिपाची तर कायमची बुडाली असती. 1 ऑगस्ट 2014 रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून व त्याआधींही बोईसर-तारापूर भागांत कारखाने व वस्ती झपाट्यानें वाढत आहेत. जुनीं घरें पडत आहेत व त्यांतील दप्तरें रद्दींत जात आहेत. ताम्रपट दिसला तर कोणीही उचलील. परंतु तरीच्या मक्त्याचा कागद, नावाड्याच्या हिशेबाची वही, खाडीकांठच्या पाणपोईच्या इनामाची यादी, हीं वाळवी लागलेलीं पानेंही तितक्याच काळजीनें पाहिलीं पाहिजेत. त्यांची नक्कल घेतांना गांव, खाडी व तीर यांचीं नांवें जशीं लिहिलीं असतील तशींच उतरून घ्यावीं. दाहनुका म्हणजे डहाणू हें नांव दोन हजार वर्षें टिकलें म्हणूनच आज ओळखतां आलें.