सुरतेचे शिसे आणि गडावरची दारू

सुरत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोती, मोहरा आणि १६६४ व १६७० या सालांतील दोन स्वाऱ्या उभ्या राहतात. परंतु याच बंदरात एक मळकट, करड्या रंगाचा धातूही उतरत असे, आणि त्याच्यावाचून दख्खनेतील बंदुका मुक्याच राहिल्या असत्या. तो धातू म्हणजे शिसे.

शिशाशी सुरतेचे नाते जुने आहे. तापीकाठचा किल्ला खुदावंदखानाने पोर्तुगीजांच्या धास्तीने १५४० नंतर बांधला. तेव्हा चिरे लोखंडी पट्ट्यांनी जखडून सांध्यांत वितळलेले शिसे ओतले, असे फारसी तवारिखा सांगतात. जो गुण गवंड्याच्या उपयोगी पडला तोच बंदूकवाल्याच्याही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला, म्हणजे साध्या कोळशाच्या शेगडीवर, वितळते. साच्यात ओतले की हवा तो आकार घेते. आणि लोखंडाच्या जवळजवळ दीडपट जड असल्याने इवल्या गोळीतही वजन राहते. मात्र ते इतके मऊ की शुद्ध शिशावर नखानेही ओरखडा उठतो. बंदुकीच्या विद्येतला पुष्कळसा गुंता या मऊपणात आहे.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, आणि जॉर्ज ऑक्सिंडेनने इंग्रजांची वखार लढविण्याची तयारी केली. वखारीतला पाद्री एस्कॅलियट याने त्या दिवसांची हकीकत टॉमस ब्राऊन या विद्वानास पत्राने कळविली. कोणी शिशाच्या गोळ्या पाडीत होते, कोणी शिशाचे नुसते तुकडे करीत होते, एकही हात रिकामा नव्हता, असे तो लिहितो. व्यापारासाठी आणलेला माल असा घटकाभरात युद्धाच्या कामी लागला! गोळी आणि तुकडा यांतला भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. तुकडे अगदी जवळच्या गर्दीवर उधळावयाचे. नेमाची बंदूक मात्र नळीच्या मापाची, साच्यातली गोळीच मागते.

त्या काळच्या तोड्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे, आणि ती हाताने घडविलेली असल्यामुळे एकीचे माप दुसरीस जुळेलच असा भरवसा नसे. दोनचार बार काढले की नळीत दारूची काजळी साचे. म्हणून गोळी मुद्दाम किंचित लहान ठेवीत, नाही तर ती गजाने ठासताना अडकावयाची. पण गोळी लहान म्हणजे भोवती फट, आणि फटीतून दारूचा वायू निसटून जोर वाया जाणार. नळी गुळगुळीत, दारू कमीअधिक प्रतीची, आणि मधली फट हे सारे गृहीतच धरलेले. अशा बंदुकीत गोळीचे शिसे थोडे मऊ की थोडे कठीण याने फारसे बिघडत नसे. मराठी राज्याची खरी चिंता शिशाच्या प्रतीची नव्हती. ते मिळण्याची होती.

सह्याद्रीच्या काळ्या कातळात शिशाची खाण नाही. इंग्रज बनातीबरोबर शिसेही सुरतेस आणून विकीत, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी फ्रेंचही मागे नव्हते. सुरतेच्या फ्रेंच वखारप्रमुखाकडून महाराजांनी ऐंशी तोफा आणि आपल्या बंदुकांना पुरेल इतके शिसे खरेदी केले, असे ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने नोंदविले आहे. ज्या शहरावर दोनदा चालून गेले, तेथल्याच वखारीशी हा सौदा! तोफांचा आकडा सर्वांच्या लक्षात राहतो. मला त्या वाक्यातले शिसेच अधिक बोलके वाटते.

दारूचे तसे नव्हते. कोळसा रानात मिळे, सोरा जुन्या वस्तीच्या व गोठ्यांच्या मातीतून काढता येई, गंधक तेवढे व्यापारातून येई. पण सोऱ्यात इतर क्षार राहिले की तो ओल ओढून घेतो, आणि सह्याद्रीतला पावसाळा म्हणजे चार महिन्यांची ओल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना राहत्या घरांपासून दूर ठेवण्याविषयी जी बारकाईची ताकीद आहे, ती नुसत्या आगीच्या भयाने नव्हे; गडाचा जीव त्या कोठारात होता. असा हा बार: निम्मा घरचा, निम्मा परदेशी.

एकोणिसाव्या शतकात नळीला आतून आटे पडले आणि हिशेब पालटला. आता गोळीने आट्यांत रुतणे अवश्य झाले. फ्रान्सच्या मिनिए याने १८४९ मध्ये बुडाशी पोकळ अशी लांबट गोळी काढली. मऊ शिसे दारूच्या दाबाने फुगून आट्यांत बसे. १८५७ साली ज्या एन्फिल्डच्या काडतुसांवरून हिंदी शिपाई बिथरले, तिची गोळीही याच जातीची. चरबीविषयी ग्रंथ लिहिले गेले. गोळीच्या मऊपणाविषयी क्वचितच कोणी बोलले.

पुढे दारूचा भार वाढला तसे हे मऊपण नडू लागले. फार मऊ गोळी आट्यांवरून घसरते व नळीला शिशाचा लेप देते. फार कठीण गोळी फुगत नाही आणि वायू तिला बगल देऊन निसटतो. म्हणून १८७१ च्या मार्टिनी-हेन्री बंदुकीसाठी बारा भाग शिशात एक भाग कथील मिसळले. १८८४ मध्ये व्हिएल याने बिनधुराची दारू शोधली. तिच्या दाबापुढे कथलाचाही निभाव लागेना, आणि शिशावर कठीण धातूचे कवच चढले. शेगडीवर शिसे वितळवून आपापल्या साच्यात गोळी पाडण्याचे शिपायाचे काम तेथे संपले आणि ते कारखान्याकडे गेले.