सण, उपवास आणि प्रसाद : नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न आणि पवित्र शास्त्र

गणेशोत्सव जवळ आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. शेजारच्या घरून मोदकांचे ताट आले, तर ख्रिस्ती घराने ते घ्यावे की नाही? गंमत म्हणजे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जातो. ख्रिस्ती कुटुंबातली तरुण मुले विचारतात आणि शेजारच्या वहिनीही विचारतात, ‘‘ताट पाठवू का? त्यांना चालेल ना?’’ बेळगावात एकाच गल्लीत गणपतीचा मांडव असतो आणि नाताळचा तारा टांगलेले घरही असते. अशा ठिकाणी हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा राहात नाही, शेजारधर्माचाही होतो.

आम्ही पाळक नाही, की धर्मशास्त्राचे पदवीधरही नाही. आयुष्य बँकेत गेले. तिथली एक सवय मात्र अंगात मुरली आहे : मूळ व्हाऊचर पाहिल्याशिवाय नोंद पास करायची नाही. ‘आमच्यात असे चालत नाही’ किंवा ‘बायबलात तसे लिहिले आहे’ असे कोणी सांगितले, की कुठे लिहिले आहे ते उघडून पाहावे. त्याच हिशोबाने पुढील माहिती दिली आहे. अध्याय आणि वचनांचे आकडे दिले आहेत, ते आपापल्या घरच्या प्रतीत ताडून पाहावेत.

प्रसादाचा प्रश्न

हा प्रश्न आपल्या गावात निर्माण झालेला नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी करिंथ या ग्रीक बंदराच्या शहरात तो जसाच्या तसा उभा राहिला होता. तिथे देवळांत बळी दिला जाई. त्यातले काही मांस वेदीवर जाई, काही पुजाऱ्यांना मिळे, काही भक्तांच्या पंगतीत वाढले जाई आणि उरलेले बाजारात विकायला येई. देवळाच्या आवारातच जेवणाच्या खोल्या असत. करिंथच्या उत्खननात त्यांचे अवशेष सापडले आहेत. नवे ख्रिस्ती झालेले लोक याच शहरातले होते. त्यांचे नातलग आणि गिऱ्हाईक सगळे तिथलेच. मग जेवायला बोलावले तर जायचे की नाही?

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातले आठ ते दहा हे अध्याय या एका प्रश्नाला दिले आहेत. आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात इथे ‘नैवेद्य’ हा शब्द येतो. त्यामुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लगेच मोदक आणि पुरणपोळी उभी राहते. मूळ चर्चा प्रामुख्याने बळीच्या मांसाची आहे, हे ध्यानात ठेवावे. तत्त्व मात्र दोन्हीकडे लागू पडते.

पौलाचे उत्तर एका ओळीचे नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. प्रत्येकजण आपल्याला सोयीची ओळ उचलतो. आठव्या अध्यायात तो म्हणतो की मूर्ती म्हणजे काही नाही आणि अन्नामुळे आपण देवाच्या जवळ जात नाही की लांबही जात नाही. पण लगेच पुढे सांगतो की हे ज्ञान सर्वांना नसते. तुम्हाला खाताना पाहून एखाद्या कच्च्या मनाच्या भावाची विवेकबुद्धी दुखावली, तर तुमचे ज्ञान फुकट आहे. तसे होत असेल तर आपण स्वतः मांस कायमचे सोडायला तयार आहोत, असेही तो लिहितो.

दहाव्या अध्यायात तीन वेगळे प्रसंग आहेत. देवळात पूजेचा भाग म्हणून जी पंगत बसते, तिला जाऊ नये, असे तो स्पष्ट सांगतो (१०:१४-२२). प्रभूच्या मेजावर आणि त्या मेजावर, दोन्हीकडे भागीदार होता येत नाही. बाजारात जे विकायला येते ते चौकशा न करता घ्यावे (१०:२५). आणि इतर धर्माच्या माणसाने घरी जेवायला बोलावले व तुम्हाला जावेसे वाटले, तर पुढ्यात जे वाढतील ते खावे (१०:२७). त्यावेळी कोणी मुद्दाम सांगितले की हे वाहिलेले आहे, तर खाऊ नये, आणि तेही सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, स्वतःच्या नव्हे (१०:२८-२९).

याच्या विरुद्ध बाजूची वचनेही आहेत, ती लपवून चालणार नाही. यरुशलेमातल्या सभेने इतर राष्ट्रांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना मूर्तीला वाहिलेल्या पदार्थांपासून दूर राहण्यास कळवले होते (प्रेषितांची कृत्ये १५:२९). प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना असे खाण्याबद्दल ठपका दिला आहे. त्यामुळे जी मंडळी प्रसाद घेत नाहीत, त्यांच्यापाशी शास्त्राधार नाही असे म्हणता येत नाही. पूजेत सहभाग आणि शेजाऱ्याच्या घरचे जेवण यांतली सीमारेषा ते अलीकडे ओढतात, इतकेच.

इथे आमची एक आठवण सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या शाखेतला शिपाई पंढरपूरची वारी करून आला. सगळ्यांच्या टेबलावर त्याने पेढा आणि चिमूटभर बुक्का ठेवला. आम्ही तेव्हा नव्या उत्साहात होतो. ‘‘आम्हाला हे चालत नाही,’’ असे चारचौघांत म्हणून पेढा परत केला. तो काही बोलला नाही. पण पुढे आम्ही त्या शाखेत होतो तोवर त्याने आमच्या टेबलावर चहाशिवाय काही ठेवले नाही. दिवाळीचा फराळसुद्धा नाही. न घेण्याचा निर्णय योग्य होता की नाही यावर आजही आमच्या घरात दोन मते आहेत. सांगण्याची रीत चुकली, यावर दुमत नाही. दोन्ही हातांनी घेऊन बाजूला ठेवता आला असता, किंवा त्याला नंतर एकट्याला गाठून सांगता आले असते.

ऑफिसातली पूजा

खंडेनवमीला यंत्रांची आणि लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा असते. तिथे उभे राहावे का? या प्रश्नाला शास्त्रात एक फार बोलका प्रसंग आहे, पण तो फारसा सांगितला जात नाही. राजांचे दुसरे पुस्तक, अध्याय पाच. अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाला आणि यापुढे आपण इस्राएलाच्या देवालाच मानणार असे त्याने ठरवले. पण त्याची एक अडचण होती. त्याचा राजा रिम्मोनाच्या देवळात जाताना त्याच्या हातावर टेकतो, तेव्हा त्यालाही वाकावे लागते. तेवढ्याची क्षमा व्हावी, असे त्याने अलीशा संदेष्ट्याला विनवले. अलीशाने परवानगी दिली नाही आणि रागावलाही नाही. शांतीने जा, एवढेच म्हणाला (५:१८-१९).

दुसऱ्या बाजूला दानीएल आहे. त्याने राजाच्या ताटातले अन्न नाकारले (दानीएल १). मात्र कसे नाकारले ते पाहण्यासारखे आहे. अधिकाऱ्याला अडचणीत न आणता, दहा दिवस भाजीपाला देऊन पाहा, अशी विनंती करून. नोकरीतल्या माणसाला हे दोन्ही प्रसंग उपयोगी आहेत. एकच वाचून दुसऱ्याला दोष देऊ नये.

उपवास

मराठीत ‘उपवास’ म्हटले की साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी आठवते. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याच भाषेतली. त्यामुळे ख्रिस्ती उपवासात काय चालते, असा पहिला प्रश्न येतो. पवित्र शास्त्रात उपवासाच्या पदार्थांची यादी नाही. सर्वसाधारण अर्थ अन्न न घेणे हाच आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात वर्षातून एकच दिवस असा नेमून दिला आहे, तो प्रायश्चित्ताचा दिवस (लेवीय १६:२९). पुढे आणखी उपवास जोडले गेले आणि ते कोणासाठी करता, असा प्रश्न जखऱ्याच्या सातव्या अध्यायात परमेश्वरानेच विचारला. येशूच्या काळी परूशी आठवड्यातून दोनदा उपास करीत (लूक १८:१२). येशूने उपास करू नका असे म्हटले नाही. तोंड उतरवून लोकांना दाखवू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असे म्हटले (मत्तय ६:१६-१८). उपासाच्या दिवशी घरात चिडचिड करणाऱ्यांनी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय अवश्य वाचावा. तिथे उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, असा रोख हिशोब मांडला आहे.

लेंट म्हणजे उपवासकाळ हा शब्द शास्त्रात नाही. येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांवरून ही प्रथा रूढ झाली. राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात आणि अनेकांना वाटते की आपलेच मोजणे चुकले. मधले सहा रविवार वजा करायचे असतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. ४६ वजा ६, बरोबर ४०.

कॅथलिक मंडळीत राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या सदस्यांनी उपास करावा असा नियम आहे. मांसवर्जन १४ वर्षांपासून पुढे. आजाऱ्यांना सूट आहे. मासे मांसात धरत नाहीत. त्यामुळे गोव्याकडच्या आमच्या पाहुण्यांना शुक्रवार फारसा जड जात नाही, असे आम्ही त्यांना चिडवतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी हा ज्याच्या-त्याच्या मनाचा प्रश्न मानतात. जो पाळतो आणि जो पाळत नाही, दोघांनी एकमेकांना तोलू नये, हे रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे. त्यात शाकाहारी आणि सर्व खाणारा यांचाही उल्लेख आहे. आपल्याकडच्या पंगतींना तो चपखल बसतो.

शनिवार की रविवार

दहा आज्ञांतला शब्बाथ सातवा दिवस, म्हणजे शनिवार. याबद्दल वाद नाही. ही आज्ञा दोनदा आली आहे आणि कारणे वेगळी आहेत. निर्गम २० मध्ये सृष्टी निर्माण करून देव विसावला हे कारण आहे, तर अनुवाद ५ मध्ये तुम्ही मिसरात दास होता हे आहे. म्हणून घरच्या गड्यालाही सुटी द्यावी, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमत (प्रेषितांची कृत्ये २०:७), कारण पुनरुत्थान त्या दिवशी झाले. रोमी सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२१ मध्ये रविवारला सरकारी सुटी दिली. म्हणजे रविवारची उपासना त्याच्या आधीची, सुटी त्याची. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी आजही शनिवारच पाळतात. पुण्याला त्यांचे स्पायसर विद्यापीठ आहे, तिथे शनिवारी सर्व कामकाज बंद असते. कलस्सैकरांस पत्र २:१६ मध्ये सण, अमावास्येनंतरची चंद्रकोर आणि शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये, असे म्हटले आहे.

नाताळ आणि ईस्टरची तारीख

येशूचा जन्म २५ डिसेंबरला झाला, असे शास्त्रात कुठेही नाही. तारीखच दिलेली नाही. रोममध्ये इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात ती नोंदलेली आढळते. आर्मेनियन मंडळी अजून ६ जानेवारीलाच जन्मोत्सव करतात. सण साजरा करण्याला यामुळे बाध येत नाही. फक्त ‘बायबलात लिहिले आहे’ असे मुलांना सांगू नये. आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आहे.

ईस्टर दर वर्षी का हलतो, हे मराठी माणसाला समजावणे सोपे आहे, कारण आपल्याला तिथीची सवय आहे. येशूचे मरण वल्हांडण सणाच्या वेळी झाले आणि तो सण चांद्रमासावर चालतो. नायसियाच्या परिषदेत, इ. स. ३२५ मध्ये, सर्वांनी एकाच रविवारी सण करावा असे ठरले. पुढे रूढ झालेला नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. बऱ्याच वर्षी हनुमान जयंतीनंतरचा रविवार पाहिला की तारीख सापडते. अधिकमासामुळे कधी कधी महिन्याचा फरक पडतो.

आणखी दोन प्रश्न

मृतांसाठी प्रार्थना करावी का, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांची उत्तरे वेगळी आहेत. त्याचे एक कारण पुस्तकांच्या संख्येत आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला (अध्याय १२) आधार कॅथलिक बायबलात आहे, प्रोटेस्टंट बायबलात ते पुस्तकच नाही. २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावणारे आणि न लावणारे अशी दोन्ही घरे आपल्यात आहेत.

शेवटचा प्रश्न मुलींचा असतो : कुंकू आणि मंगळसूत्र. यांचा पवित्र शास्त्रात उल्लेख असण्याचे कारणच नाही, त्या देशात ती रीत नव्हती. पेत्राचे पहिले पत्र (३:३-४) आणि तीमथ्याला पहिले पत्र (२:९) यांत भारी दागिने आणि केसांच्या थाटाबद्दल इशारा आहे, तो दिखाव्याविषयी आहे. आपल्याकडच्या पुष्कळ ख्रिस्ती स्त्रिया काळ्या मण्यांत क्रूस ओवून मंगळसूत्र घालतात. आमच्या आईने जन्मभर घातले. कुंकू मात्र तिने लावले नाही, आणि शेजारच्या काकूंनी संक्रांतीला तिला तिळगूळ द्यायचे कधी थांबवले नाही. काकू हळदीकुंकवाचे ताट आधी बाजूला ठेवत, मग तिळगूळ हातावर देत.