ऑफिसच्या इंटरनेट फोनचा '५०६०' पोर्ट बदलावा का? बदलल्याने काय होतं आणि काय होत नाही?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसला कुलूप लावून सगळे घरी गेले. सोमवारी सकाळी कळतं की दोन दिवसांत ऑफिसच्या नंबरवरून परदेशात शेकडो कॉल गेलेत. ऑफिसात तर कुणी नव्हतंच!

इंटरनेटवर चालणाऱ्या बिझनेस फोन सिस्टिममध्ये होणाऱ्या या फसवणुकीला 'टोल फ्रॉड' म्हणतात. ती टाळण्यासाठी हमखास दिला जाणारा एक सल्ला म्हणजे "डिफॉल्ट पोर्ट बदला." हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तो नेमका कुठे उपयोगी पडतो आणि कुठे अंगाशी येतो, ते समजून घेऊया.

पोर्ट म्हणजे काय?

आयपी ॲड्रेस हा सोसायटीचा पत्ता मानला, तर पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर. एकाच सर्व्हरवर वेबसाइट, ईमेल, फोन अशा अनेक सेवा चालतात. आलेली माहिती कोणत्या सेवेकडे द्यायची, हे पोर्ट नंबरवरून ठरतं. हे नंबर ० ते ६५५३५ पर्यंत असतात.

इंटरनेट फोनमध्ये दोन वेगळी कामं चालतात. रिंग वाजवणं, कॉल जोडणं आणि तोडणं हे 'एसआयपी' या प्रोटोकॉलचं काम. त्याचा ठरलेला पोर्ट ५०६०, तर एन्क्रिप्शनसह वापरायचा असेल तर ५०६१. प्रत्यक्ष आवाज मात्र 'आरटीपी'मार्फत वेगळ्याच पोर्टवरून जातो. 'ॲस्टेरिस्क' या लोकप्रिय मुक्त फोन सॉफ्टवेअरच्या नमुना सेटिंगमध्ये त्यासाठी १०००० ते २०००० ही रेंज दिलेली असते.

हा फरक लक्षात ठेवा. पुढच्या बऱ्याच अडचणी इथूनच सुरू होतात.

हल्लेखोर ५०६० वरच का येतात?

कारण तिथे फोन सिस्टिम सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. हे काम माणूस बसून करत नाही. स्वयंचलित प्रोग्राम एकामागून एक आयपी ॲड्रेसच्या ५०६० वर संदेश पाठवतात. उत्तर आलं की १००, १०१, १००१ असे एक्स्टेंशन नंबर आणि सोपे पासवर्ड लावून पाहतात.

एक जरी पासवर्ड जुळला, तरी त्या एक्स्टेंशनवरून परदेशातल्या महागड्या प्रीमियम नंबरांवर कॉल लावले जातात. अशा कॉलच्या शुल्कातला वाटा फसवणूक करणाऱ्यांना मिळतो आणि बिल येतं तुमच्या नावावर. रात्र आणि सुट्टीचे दिवस निवडले जातात, ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

पोर्ट बदलल्याने काय मिळतं?

पहिला फायदा म्हणजे गोंगाट कमी होतो. फक्त ५०६० तपासून पुढे जाणारे प्रोग्राम तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. लॉग फाइल आटोक्यात राहते आणि खरोखर संशयास्पद प्रयत्न नजरेत भरतो.

दुसरा फायदा अनेकांना माहीत नसतो. बऱ्याच राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाची सुविधा असते. ती ५०६० वरच्या संदेशांत मदत म्हणून बदल करते आणि पुष्कळदा कॉलच बिघडवते. पोर्ट बदलला की हा हस्तक्षेप सहसा टळतो. अर्थात, ही सुविधा थेट बंद करणं जास्त बरं.

मग सुरक्षेचा प्रश्न मिटला का?

नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'झेडमॅप' हे साधन आणलं. एका पोर्टसाठी जवळपास संपूर्ण आयपीव्ही४ इंटरनेट ४५ मिनिटांच्या आत तपासता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. शिवाय एकाच सर्व्हरचे सगळे पोर्ट तपासणंही अवघड नाही. म्हणजे जो तुमच्याच मागे लागलाय, त्याला नवा पोर्ट सापडेलच. पासवर्ड '१२३४' असेल तर पोर्ट कोणताही असो, नुकसान तेवढंच.

बदल कसा करायचा?

१. नंबर नीट निवडा. ५०६१, ५०७०, ५०८० असे जवळपासचे आकडे टाळा. आरटीपीच्या रेंजमधला किंवा दुसरी सेवा वापरत असलेला पोर्ट नको. लिनक्सवर ३२७६८ ते ६०९९९ ही रेंज तात्पुरत्या जोडण्यांसाठी वापरली जाते, तीही सोडा.

२. टेलिफोन सेवा कंपनीला आधी विचारा. तुमची सिस्टिम कंपनीच्या सर्व्हरवर स्वतः नोंदणी करत असेल, तर नवा पोर्ट त्या नोंदणीतूनच कळवला जातो. पण ओळख तुमच्या आयपी ॲड्रेसवरून पटवली जात असेल, तर येणारे कॉल कंपनी ५०६० वरच पाठवत राहील. बाहेर जाणारे कॉल सुरू, येणारे बंद, अशी स्थिती होईल. दवाखाना किंवा ग्राहक सेवा केंद्रासाठी हे भलतंच महागात पडतं.

३. काही दिवस दोन्ही पोर्ट चालू ठेवा. ॲस्टेरिस्कच्या 'पीजेसिप' या नव्या पद्धतीत एकाच वेळी दोन पोर्टवर ऐकण्याची सोय करता येते. नवा पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा, एकेक फोन त्यावर हलवा आणि शेवटी जुना बंद करा.

४. रीस्टार्ट करा. पीजेसिपमध्ये पोर्टचा बदल साध्या रीलोडने सहसा लागू होत नाही, ॲस्टेरिस्क पूर्ण रीस्टार्ट करावं लागतं. तेव्हा चालू कॉल तुटतात, म्हणून वेळ कामकाजानंतरची ठेवा. सेटिंगचा बॅकअप आधीच घ्या.

नेहमी होणाऱ्या दोन चुका

पहिली चूक आरटीपीची. कॉल लागतो, पण एकाच बाजूचा आवाज येतो किंवा दोन्हीकडे शांतता असते. आरटीपीची रेंज बदलली, पण फायरवॉलमध्ये जुनीच राहिली, की असं होतं. ही रेंज लहान करायची असेल तर हिशेब साधा आहे. सर्व्हरमधून जाणाऱ्या कॉलच्या दोन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला साधारण दोन पोर्ट लागतात. एका वेळी २० कॉल म्हणजे सुमारे ८० पोर्ट. थोडी जास्तीची जागा धरून २०० पुरेत.

दुसरी चूक जास्त धोकादायक, कारण ती दिसत नाही. अनेकजण 'फेलटूबॅन' वापरतात. चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्या आयपी ॲड्रेसला ते अडवतं. पण त्याच्या मूळ ॲस्टेरिस्क सेटिंगमध्ये ५०६० आणि ५०६१ हेच पोर्ट लिहिलेले असतात. फोनचा पोर्ट बदलला आणि इथला तसाच राहिला, तर बंदी जुन्या पोर्टवर लागते. अहवालात 'अडवलं' दिसतं, पण हल्लेखोर नव्या पोर्टवर प्रयत्न करतच राहतो.

खरं संरक्षण कशात?

प्रत्येक एक्स्टेंशनला लांब, वेगळा पासवर्ड द्या. फायरवॉलमध्ये फक्त सेवा कंपनीच्या आणि तुमच्या शाखांच्या आयपी ॲड्रेसना परवानगी ठेवा. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनमधून जोडा. परदेशी कॉल लागत नसतील तर बंदच करा, लागत असतील तर ठरावीक देशांपुरते ठेवा. कंपनीकडून रोजच्या खर्चाला मर्यादा घालून घ्या.

हे सगळं झालं असेल, तर पोर्ट बदलणं ही वरची एक कडी. यातलं काहीच झालं नसेल, तर सुरुवात पोर्टपासून नाही, पासवर्डपासून करा.