पद्मिनी आणि तिचे तक्रारखोर धनी

दसऱ्याच्या सकाळी कळव्याच्या गल्ल्यांतून एक फेरी मारावी. इमारतींच्या पायथ्याशी धुऊन पुसून उभ्या केलेल्या मोटारी, त्यांच्या नाकावर झेंडूच्या माळा, काचेवर कुंकवाचे बोट, चाकाखाली लिंबू! घरातली आजी औक्षणाचे तबक घेऊन खाली उतरलेली असते आणि नातवंडे हॉर्न वाजवण्यासाठी भांडत असतात. मी पेशाने शिक्षक. त्यामुळे चालता चालता या मोटारींची मनातल्या मनात हजेरी घेण्याची खोड मला आहे. जपानी आडनावाच्या किती, कोरियाच्या किती, आपल्या पुण्याकडच्या किती, असे मोजत जातो आणि एका नावापाशी थांबतो. एके काळी या हजेरीत तेच नाव पहिले पुकारावे लागले असते. आज त्या नावाला कोणी 'हजर' म्हणत नाही. ते नाव म्हणजे प्रीमियर पद्मिनी.

लोक तिला मरेपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. सुनेचे नाव लग्नात बदलले तरी माहेरची माणसे जुन्याच नावाने हाक मारतात, तसाच हा प्रकार. तिच्याविषयी आज जो तो गहिवरून बोलतो. परंतु ती रस्त्यावर होती तेव्हा तिचे धनी तिच्याविषयी काय बोलत होते, हे आठवणाऱ्यांची संख्या कमी होत चालली आहे. ते बोलणे म्हणजे तक्रारींचा अखंड पाढा होता. या तक्रारींचाच इतिहास आज थोडक्यात सांगावा असे मनात आहे.

०००

या मोटारीची कुळकथा सोलापूरला सुरू होते. शेठ वालचंद हिराचंद हे १८८२ साली तेथे जन्मले. परदेशी माणूस जे जे बनवतो ते ते आपल्या देशात बनले पाहिजे, हे या गृहस्थाचे जन्माचे वेड. सिंदिया कंपनीची जहाजे त्यांनी समुद्रावर आणली. १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी केली. मोटारीचा कारखाना मात्र हुलकावणी देत राहिला. सर विश्वेश्वरय्या यांच्यासारखा थोर अभियंता त्या योजनेचा पुरस्कर्ता होता. तरीही परक्या सरकारने हात आखडता घेतला. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम डॉज, डिसोटो, प्लिमथ अशा अमेरिकन जातीच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या.

या गाड्या ऐटबाज होत्या, पण पेट्रोल पिण्यात पटाईत. आपल्याकडच्या डॉक्टर-वकिलांना लहान कुटुंबाची लहान गाडी हवी होती. म्हणून कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला आणि १९५४ पासून 'फियाट ११००' ही गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली. पाठीला गोलाई, पोटाशी फुगीर, अशी ती पहिली गाडी पाहून मराठी माणसाने तिचे बारसे तत्काळ उरकले. तो तिला 'डुक्कर फियाट' म्हणू लागला! हे नाव शिवी म्हणून ठेवले की लाडाने, हे सांगणे कठीण. बहुधा दोन्ही.

१९६४ साली तिचे रूप पालटले. गोलाई जाऊन कोनदार 'डिलाईट' आली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हळूहळू जुन्या अजस्र गाड्या सोडून हीच धरली, आणि काळ्या-पिवळ्या रंगाशी तिची जन्मगाठ पडली. इटलीशी झालेल्या कराराची मुदत संपली तेव्हा तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीचे नाव घेऊन 'पद्मिनी'. नावे पालटली, पण आतले इंजिन तेच १०८९ घनसेंटिमीटरचे राहिले. सोळा वर्षांच्या मुलीला सहावारी नेसवावी, तिसाव्या वर्षी नऊवारी, आणि दर वेळी नवी मुलगी म्हणून दाखवावी, असे हे चालले होते.

०००

आता तक्रारींकडे वळू.

उन्हाळ्यात घाट चढताना रेडिएटरचे पाणी उकळायचे. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, वाफ जाण्याची वाट पाहत उभी राहिलेली कुटुंबे हे मे महिन्याचे नेहमीचे दृश्य होते. अनुभवी माणूस पाण्याचा डबा बरोबर घेतल्याशिवाय निघतच नसे. दुसरे दुखणे पेट्रोलचे. इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या नळीत त्याची वाफ होई आणि भर रस्त्यात गाडी गप्प बसे. त्यावरचा उपाय आजीबाईच्या बटव्यातला होता. पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळायचे आणि थोडा वेळ धीर धरायचा. तापलेल्या माणसाच्या कपाळावर घडी ठेवतात, अगदी तसेच.

गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खाली आडवा असे. त्याचे सांधे झिजले म्हणजे पहिला गिअर पडला की तिसरा, हे गाडी हलल्यावरच कळायचे. पावसाळ्यात काचेच्या रबरातून पाणी झिरपे, ते पायाखालच्या पत्र्यावर साचे आणि पत्रा गंजून विरत जाई. थंडीच्या सकाळी ती चालू होण्यासाठी शेजाऱ्यांचा धक्का लागे. गाडी एकाची, पण व्यायाम साऱ्या चाळीला! कोरी गाडी हाती आली की काही मंडळी ती देवळात नेण्याआधी मेकॅनिककडे नेत आणि साऱ्या गाडीचे नटबोल्ट पुन्हा आवळून घेत. नव्या वस्तूवर इतका अविश्वास आणि तरीही तिच्यासाठी इतकी धडपड, हे कोडे नाही का?

कोड्याचे उत्तर त्या काळच्या धोरणात आहे. परदेशी मोटारींना दारे बंद झाली होती. १९५४ साली जनरल मोटर्सने मुंबईतला आपला गाशा गुंडाळला. मग रिंगणात उरले तिघे. कलकत्त्याकडची अँबेसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली कुर्ल्याची फियाट. किती गाड्या काढायच्या याला सरकारी परवाना, किती किमतीला विकायच्या यावर सरकारी नियंत्रण, यंत्रे आणि सुटे भाग आणायला परकीय चलनाची चणचण. गाड्या थोड्या आणि हौशी फार. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वाट पाहून थकलेला मनुष्य गाडी मिळताच जुने दुःख विसरतो आणि विसरला नाही तरी जातो कोठे? त्याच्यामागे रांग उभीच असते. नवी गाडी त्याच दिवशी चढ्या भावाने विकणारेही होतेच.

तक्रारींचा गलका अखेर दिल्लीपर्यंत पोहोचला. १९६७ साली केंद्र सरकारने देशी मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. गिऱ्हाइकाच्या कुरकुरीला राजमान्यता मिळाली ती अशी. कारखानदारांचीही बाजू होती. सरकार किंमत बांधून देते, पोलाद आणि सुटे भाग महागतात, मग दर्जा आणायचा कोठून, असा त्यांचा सवाल. १९६९ च्या किंमत-नियंत्रणाविरुद्ध तिघेही कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. कारखानदार सरकारकडे बोट दाखवी, सरकार कारखानदाराकडे, आणि दोघांच्या मधोमध गिऱ्हाईक बॉनेट उघडून उभा!

०००

एवढे सारे असून लोकांनी तिच्यावर माया का केली? मला वाटते, ती आजारी पडे, परंतु तिचा आजार माणसाच्या आकलनातला होता. बॉनेट उघडले की सारे अवयव डोळ्यांसमोर. कार्बोरेटर कोठे, प्लग कोठे, पट्टा कोठे, हे धन्याला ठाऊक. पान्हा, पक्कड आणि पॉलिश पेपरचा तुकडा एवढ्या शस्त्रांवर कोठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक तिला पुन्हा उभी करी. तिच्यावर हात बसवता बसवता या मुलखातली कितीतरी पोरे कारागीर झाली. टॅक्सीवाल्याला ती परवडे ती याचमुळे.

माझ्या लहानपणी आमच्याकडचा गणपती अशाच टॅक्सीतून आला होता. पुढे सलग लांब बाक. त्यावर चालकाशेजारी वडील, वडिलांच्या मांडीवर रुमालाने झाकलेली मूर्ती, मागे आम्ही चार भावंडे आणि आई. कळव्याच्या पुलावर चालकाने वेग इतका कमी केला, की खाडीवरून जाणारे बगळेही आमच्या पुढे गेले. देवाला धक्का लागू नये म्हणून! दुसऱ्या कोणत्याही मोटारीची इतकी स्वच्छ आठवण मला नाही.

कळव्याचे या मोटारीशी नाते आणखीही एक होते. तिचे घर कुर्ल्यात. पुढे कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला. आमचे गाव बरोबर या दोहोंच्या मधल्या वाटेवर. रेल्वेनेही आणि मुंब्र्याच्या जुन्या रस्त्यानेही. मोटार स्वतः कधीच घेऊ न शकणाऱ्या माणसांनी ती बनवली, आणि ती माणसे रोज लोकलने जात-येत, हेही तिच्या इतिहासात लिहिले गेले पाहिजे.

०००

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि चित्र पालटले. गाडी इवलीशी, पण सकाळी एका किल्लीत चालू होणारी. प्रीमियरनेही हातपाय हलवले. १९८५ साली फियाटच्या जुन्या सांगाड्यात जपानी निस्सानचे इंजिन बसवून '११८ एनई' काढली. तरीही पद्मिनीचे धनी एकेक करून निघून गेले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जाताना ते भांडले नाहीत. तीस वर्षे कंठशोष करणारी मंडळी अगदी मुकाट्याने दुसऱ्या दुकानात गेली.

१९९१ नंतर दारे उघडली. कल्याणच्या कारखान्यात फ्रेंच पूजोच्या भागीदारीत 'पूजो ३०९' ही मोटार १९९४ पासून बनू लागली. युरोपात तिचे दिवस तोवर सरलेले होते. गाडी आरामशीर म्हणून वाखाणली गेली. पण कामगारांशी तंटे झाले, भागीदारांचे बिनसले आणि १९९७ साली पूजोने भारत सोडला. मागे राहिले ते सुट्या भागांसाठी वणवण करणारे धनी आणि नोंदणीचे पैसे परत मागत ग्राहक न्यायालयांची पायरी चढणारे गिऱ्हाईक. कुर्ल्यातही तीच तऱ्हा. १९९६ साली 'फियाट युनो'साठी अडीच लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली, आणि कारखान्यात संप होऊन काम ठप्प झाले. लोक पुन्हा एकवार प्रीमियरच्या दारात रांग लावून उभे राहिले होते. ही संधी वाया गेली, तशी ती पुन्हा आली नाही. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. २००९ मध्ये 'रिओ' नावाची एक गाडी काढून कंपनीने पुन्हा प्रयत्न केला, पण तो डाव रंगला नाही.

टॅक्सीच्या रूपाने पद्मिनी मागे उरली होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदवली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे राहिली नाही. दिवाळी तोंडावर होती. वर्तमानपत्रांतून निरोपाचे लेख आले, लोकांनी छायाचित्रे काढली, आणि जन्मभर तिला नावे ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांचेही डोळे ओलावले.

०००

या साऱ्यातून माझ्यासारख्या मास्तराने काय शिकावे? आमच्या शाळेत तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांचा मला पूर्वी फार कंटाळा येई. फळा नीट दिसत नाही, गृहपाठ फार, गणिताचे गुण चुकले. रोज काही ना काही. पुढे एका वर्षी तक्रारी एकाएकी कमी झाल्या. मी सुखावलो. जूनमध्ये पट पाहिला, तेव्हा कारण कळले. ती मुले दुसऱ्या शाळेत गेली होती.

तक्रार करणारा मनुष्य अजून आपला असतो. वस्तू सुधारेल अशी त्याची आशा असते, म्हणूनच तो घसा कोरडा करतो. पद्मिनीच्या धन्यांनी तीस वर्षे ही आशा धरली. त्यांना दुसरीकडे जायला वाट नव्हती, हे खरेच. परंतु त्या तीस वर्षांत त्यांचे बोलणे कोणी मनावर घेतले असते, तर वाट उघडल्यावरही त्यांतले पुष्कळसे थांबले असते, असे मला राहून राहून वाटते. चूक एकट्या कारखान्याची नाही. परवाने देणाऱ्यांची आहे, भाव बांधणाऱ्यांची आहे, आणि 'आपल्याला काय, रांग तर आहे' असे म्हणून निवांत राहिलेल्या साऱ्यांचीच आहे.

वालचंद शेठजी १९५३ साली वारले. आपल्या देशात मोटार बनू शकते, एवढे त्यांनी सिद्ध करून दाखवले होते. पुढचे काम सुधारण्याचे होते, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय होत नाही.

यंदा दिवाळीत फराळाचे ताट समोर येईल. चकली मऊ पडली आहे, असे घरातला कोणी म्हणेल. गृहिणींनी रागावू नये. तो अजून आपल्याच घरची चकली खातो आहे.